स्टेफी ग्राफ : तिसाव्या वर्षी रॅकेट ठेवली, पुढे काय?

तापीकाठ (जळगाव)

मंडळी, एका गोष्टीवर तुमची मतं हवी आहेत.

पुतणी आमची तेरा वर्षांची. टेनिस खेळते, जीव लावून खेळते. तिच्यावरून घरात दोन तट पडलेत. भाऊ म्हणतो, समजा सगळं जुळून आलं, पोरगी मोठी खेळाडू झाली, तरी तिशीत खेळ संपणार. शिक्षण अर्धवट, गुडघे गेलेले आणि पुढे चाळीस-पन्नास वर्षं पडलेली. ती कशाच्या जोरावर काढायची?

मला अशा वेळी जर्मनीची टेनिसपटू स्टेफी ग्राफ आठवते. दूरदर्शनवर विंबल्डन बघत मोठी झालेली आमची पिढी, त्यामुळे टेनिस म्हटलं की आधी तीच. जन्म १४ जून १९६९. तेराव्या वर्षी, १९८२ मध्ये, व्यावसायिक खेळाडू झाली आणि पहिल्याच सामन्यात ट्रेसी ऑस्टिनकडून ६-४, ६-० अशी हरली. १९८७ मध्ये पहिली फ्रेंच ओपन. १९८८ मध्ये चारही ग्रँड स्लॅम, म्हणजे ऑस्ट्रेलियन, फ्रेंच, विंबल्डन आणि अमेरिकन या चार मोठ्या स्पर्धा, आणि वर सोल ऑलिंपिकचं सुवर्ण. एकूण २२ ग्रँड स्लॅम, ३७७ आठवडे पहिला क्रमांक. १९९९ च्या जूनमध्ये पॅरिसला फ्रेंच ओपन जिंकली, जुलैत विंबल्डनच्या अंतिम फेरीत पोचली आणि १३ ऑगस्टला, क्रमवारीत तिसरी असताना, थांबली.

माझं मत असं, की त्यानंतरची तिची पंचवीस-सव्वीस वर्षं आधीच्या सतरा वर्षांइतकीच बघण्यासारखी आहेत. समालोचन नाही, पुनरागमनाच्या घोषणा नाहीत. लग्न, दोन मुलं, लास व्हेगासमधलं घर, आणि १९९८ मध्ये स्थापन केलेली ‘चिल्ड्रन फॉर टुमारो’ ही संस्था. युद्धानं आणि स्थलांतरानं पोळलेल्या मुलांच्या मनावरचे घाव भरून यावेत म्हणून ती काम करते. खेळातून बाहेर कसं पडावं हे हिच्याकडून शिकावं.

तुम्हाला काय वाटतं? ज्यांना पुढचं आयुष्य जमलं आणि ज्यांना नाही जमलं, असे कोण आठवतात? आणि पोरीला खेळू द्यावं का?

मेहरूणची_मैना

धाग्याला शंभर टक्के अनुमोदन. आमच्या घरी विंबल्डनच्या फायनलच्या दिवशी दुपारीच स्वयंपाक उरकलेला असायचा. वीज जाऊ नये म्हणून सगळे देव पाण्यात. १९९३ ची फायनल आठवते का? याना नोव्होत्ना जिंकत आलेली हरली आणि बक्षीस देणाऱ्या राजघराण्यातल्या डचेस ऑफ केंटच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. जिंकली स्टेफी, आणि आमच्या घरात सगळ्यांचे डोळे नोव्होत्नासाठी ओले. तिनं पुढे १९९८ मध्ये विंबल्डन जिंकलंच. २०१७ मध्ये कर्करोगानं गेली. जेमतेम ४९ वर्षांची होती.

जंक्शन (भुसावळ)

१९८८ बद्दल थोडी भर घालतो, कारण ‘पाचही जिंकल्या’ एवढ्यावर भागत नाही.

जानेवारीत मेलबर्नला ख्रिस एव्हर्टविरुद्ध फायनल. ते स्टेडियम त्या वर्षी नवं होतं. मध्येच पाऊस आला, सरकतं छप्पर बंद केलं आणि उरलेला सामना छपराखाली झाला. जूनमध्ये पॅरिसला नताशा झ्वेरेवाला ६-०, ६-०. अर्ध्या तासाच्या जरा वर, संपलं. जुलैत विंबल्डनला समोर मार्टिना नवरातिलोवा, ओळीनं सहा वर्षांची विजेती. पहिला सेट ५-७ गेला, पुढचे ६-२, ६-१. अमेरिकेत आणि सोलला गॅब्रिएला सबातिनी.

एकाच वर्षात हे पाच मिळवणं एकेरीत तिच्यानंतर फक्त व्हीलचेअर टेनिसमध्ये झालं, २०२१ मध्ये डायलन आल्कॉट आणि डिडे दे ग्रूट यांच्याकडून. त्या दोघांचीही नावं अशा चर्चेत घेतली जावीत असं मला वाटतं.

पांझरा (धुळे)

सगळे हार घालताय म्हणून दुसरी बाजू मांडतो. स्टेफी मोठी होती याबद्दल वाद नाही. पण तिच्या कारकिर्दीची गोष्ट मोनिका सेलेसचं नाव न घेता सांगता येत नाही आणि तापीकाठभाऊंनी ते घेतलेलं नाही.

३० एप्रिल १९९३, हॅम्बर्ग. सेलेस पहिल्या क्रमांकावर, वय १९, आठ ग्रँड स्लॅम खिशात. बाजू बदलताना खुर्चीवर बसली होती. प्रेक्षकांतून एक माणूस पुढे आला आणि तिच्या पाठीत सुरा खुपसला. कारण काय, तर तो स्टेफीचा भक्त होता आणि ती पुन्हा पहिल्या क्रमांकावर यायला हवी होती. कोर्टानं त्याला दोन वर्षांची शिक्षा दिली आणि तीही स्थगित. तुरुंगात गेलाच नाही. सेलेस पुढे जर्मनीत कधीच खेळली नाही.

आता हिशेब बघा. स्टेफीच्या २२ पैकी ११ ग्रँड स्लॅम त्या दिवसाच्या आधीच्या, ११ नंतरच्या. सेलेसच्या एकूण नऊ, त्यांतली नंतरची एकच, ऑस्ट्रेलिया १९९६. दोन वर्षांहून जास्त काळ ती कोर्टावर आली नाही. जखम भरली होती, मन भरलं नव्हतं. त्याच काळात वडिलांना कर्करोग, आणि खाण्यावरचा ताबा सुटण्याचा आजार. तिनं ते पुढे स्वतः मोकळेपणानं लिहिलं.

‘पुढचं आयुष्य’ म्हणता ना? मग माझ्या लेखी त्यातली थोर सेलेस. २०२५ च्या ऑगस्टमध्ये तिनं सांगितलं की तिला मायस्थेनिया ग्रेव्हिस आहे. स्नायूंना मेंदूचा निरोप नीट पोचत नाही असा आजार, २०२२ मध्ये निदान झालेलं. ज्या पोरीचा दोन्ही हातांचा फटका सगळ्या दुनियेला भारी पडायचा, तिला चेंडू दोन-दोन दिसायला लागले. तरी ती हसत बोलते, लोकांना माहिती व्हावी म्हणून बोलते.

गिरणाकाकू (चाळीसगाव)

पांझरादादा, वाचून पोटात कालवलं रे. आमच्या सासूबाईंना इंग्रजी तर सोडाच, टीव्हीवरचं मराठीही धड कळत नसे, पण स्टेफी लागली की वातीचं ताट घेऊन समोर बसायच्या. म्हणायच्या, “हाई पोर बोलस कमी, पयस जास्ती.” (बोलते कमी, पळते जास्त.) सेलेसची बातमी पेपरात आली तेव्हा मी त्यांना वाचून दाखवली. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “तिना काय गुन्हा व्हता?” त्यानंतर त्या स्टेफीचा सामना बघायच्या, पण जिंकल्यावर पहिल्यासारख्या टाळ्या वाजवत नव्हत्या.

मेहरूणची_मैना

@पांझरा, सेलेसवर अन्याय झाला यात दुमत नाही. पण तो स्टेफीनं केला नाही. ती इस्पितळात जाऊन सेलेसला भेटली होती. आणि हॅम्बर्ग झालं नसतं तर सगळं सेलेसच जिंकली असती हेही कुणी ठामपणे सांगू शकत नाही. १९९२ च्या विंबल्डन फायनलमध्ये ६-२, ६-१ कोण हरलं होतं?

शिवाय स्टेफीच्या वाट्याला त्याच काळात काय आलं ते बघा. वडील पेटर ग्राफ हेच तिचे गुरू आणि व्यवस्थापक. १९९५ च्या ऑगस्टमध्ये कर चुकवल्याबद्दल त्यांना अटक झाली. १९९७ मध्ये पावणेचार वर्षांची शिक्षा. पैसा तिचा, कारभार वडिलांचा, चौकशी दोघांची. दंड भरल्यावर तिच्यावरचं प्रकरण मिटलं, पण बाप आत आणि पत्रकार दारात अशा अवस्थेत ती १९९५ मध्येच अमेरिकन ओपन खेळली. फायनलला समोर सेलेसच. ७-६, ०-६, ६-३. त्या दोघी त्या दिवशी कोर्टावर उभ्या राहिल्या, मला तेवढंच पुरे आहे.

पांझरा (धुळे)

मैनाताई, अन्याय स्टेफीनं केला असं मी लिहिलेलं नाही. टेनिसनं केला. सेलेस बरी होईपर्यंत तिचा क्रमांक राखून ठेवावा का असं विचारल्यावर, सबातिनीचा अपवाद सोडला तर बाकीच्या आघाडीच्या खेळाडूंनी तिची बाजू घेतली नाही, असं सेलेसनं पुढे सांगितलं आहे. ती १९९५ मध्ये परतली तेव्हा तिला स्टेफीबरोबर संयुक्त पहिला क्रमांक दिला, एवढं एक बरं केलं. १९९५ ची फायनल मात्र माझ्याही आवडीची.

रावेरचा_शेतकरी

टेनिसमधलं मला कळतं ते एवढंच, की बाजू बदलताना खेळाडू जी केळी खातात ती बघून आमच्या घरात सगळे ओरडतात. नव्वद सेकंदांची विश्रांती, त्यात अर्धं केळं आणि दोन घोट पाणी. त्या टेबलावर एकदा तरी सावद्याचा माल दिसावा ही इच्छा आहे!

पण प्रश्न वाचून एक सांगावंसं वाटलं. केळीचा घड एकदाच येतो, मग खोड कापावंच लागतं. पण बुंध्याशी आलेलं पिल नीट राखलं तर पिलबाग, म्हणजे त्या पिलावरचं पुढचं पीक, धरता येतो, आणि तो कमी खर्चात, कमी दिवसांत उत्पन्न देतो. फक्त ते पिल आधीपासून राखावं लागतं. घड कापल्यावर शोधत बसलं तर हाती काही लागत नाही. बाईंनी संस्था १९९८ मध्ये काढली आणि खेळ १९९९ मध्ये सोडला, हे वाचून मला तेच वाटलं.

जंक्शन (भुसावळ)

रावेरकर, काय बोललात! आता तुमच्या मुद्द्याला धरूनच पिल न राखलेल्यांची दोन नावं सांगतो.

ब्यॉन बोर्ग. ११ ग्रँड स्लॅम, विंबल्डन ओळीनं पाच. १९८३ मध्ये, २६ व्या वर्षी निवृत्त. पुढे धंदा बसला, लग्नं मोडली. १९९१ मध्ये माँटे कार्लोला परत आला तो जुनी लाकडी रॅकेट घेऊन. तोवर सगळं जग ग्रॅफाइटवर गेलं होतं. पहिल्याच फेरीत हरला. २००६ मध्ये विंबल्डनचे चषक लिलावात काढण्याची वेळ आली, मग विचार बदलला आणि चषक वाचले.

बोरिस बेकर. स्टेफीचाच देशबंधू, राहायलाही जवळच्या गावचा, दोघं लहानपणी एकत्र सराव केलेले. १९८५ मध्ये १७ व्या वर्षी विंबल्डन. २०१७ मध्ये दिवाळखोर, आणि २०२२ मध्ये मालमत्ता लपवल्याबद्दल लंडनच्या कोर्टानं अडीच वर्षांची शिक्षा दिली. डिसेंबरमध्ये सुटका होऊन जर्मनीत रवानगी.

शेजारशेजारच्या गावांतली दोन पोरं, पुढे इतकी वेगळी गेली.

आगासीपंखा (मूळ अमळनेर, सध्या पुणे)

बेकरवर इतकं लिहिलंत, जावईबापूंवर एक ओळ नाही? १९९९ च्या पॅरिसमध्ये महिलांत स्टेफी जिंकली, पुरुषांत आंद्रे आगासी, आणि त्याच वर्षी दोघांचं जमलं. २२ ऑक्टोबर २००१ ला घरच्या घरी लग्न. त्याच महिन्यात मुलगा जेडन, दोन वर्षांनी मुलगी जॅझ.

आगासीनं आत्मचरित्रात व्याह्यांच्या पहिल्या भेटीचा प्रसंग सांगितलाय, तो वाचून हसून हसून पुरेवाट होते. आगासीचे वडील माइक, इराणकडून १९४८ आणि १९५२ च्या ऑलिंपिकमध्ये मुष्टियुद्ध खेळलेले. पोराला घडवायला त्यांनी चेंडू फेकणारं एक अजस्र यंत्र बनवलं होतं. ते यंत्र बघायला स्टेफीचे वडील आले. बॅकहँड एका हातानं कापून मारावा की दोन हातांनी, यावरून दोघांत अशी जुंपली की दोघं म्हातारे मुठी आवळून उभे राहिले. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. आगासीला मध्ये पडावं लागलं!

आपल्याकडे मानपानावरून होतं, तिकडे बॅकहँडवरून.

वरणबट्टी

व्याही भांडले म्हणजे लग्न रीतीप्रमाणे झालं म्हणायचं.

१९९६ च्या विंबल्डन उपांत्य सामन्यातली गंमत कुणीच लिहिली नाही? स्टेफी सर्व्हिस करायला उभी, गर्दीतून एकानं ओरडून विचारलं, “स्टेफी, माझ्याशी लग्न करशील का?” सगळं स्टेडियम हसलं. तिनं दोन क्षण थांबून विचारलं, “तुझ्याकडे पैसे किती आहेत?” काकूंच्या सासूबाई म्हणतात ते खरं, बोलायची कमी, पण बोलली की चेंडू ओळीवर.

मेहरूणची_मैना

आणि त्या सामन्यात समोर होती जपानची किमिको दाते. तिचं पुढचं आयुष्य तर एका वेगळ्याच धाग्याचा विषय आहे. १९९६ मध्येच निवृत्त झाली. बारा वर्षांनी, २००८ मध्ये, ३७ व्या वर्षी परत आली. २००९ मध्ये, ३९ वर्षं पूर्ण व्हायच्या तोंडावर, सोलची स्पर्धा जिंकली. २०१७ पर्यंत खेळली. तापीकाठदादा, पुनरागमन केलं म्हणून कुणी कमी होत नाही बरं का.

अस्थिरोग_चोपडा

वैद्यकीय बाजू मांडतो, कारण मूळ प्रश्नात ‘गुडघे गेलेले’ असं म्हटलंय आणि ती भीती पोकळ नाही.

स्टेफीनं ‘मजा येईनाशी झाली’ म्हणून सोडलं हे खरंच, तिनं तसं सांगितलं. पण शरीराचाही त्यात मोठा वाटा होता. पाठ अनेक वर्षं त्रास देत होती. १९९७ मध्ये गुडघ्याची मोठी शस्त्रक्रिया झाली, बराच काळ बाहेर बसावं लागलं. १९९९ च्या ऑगस्टमधला शेवटचा सामनाही मांडीचा स्नायू दुखावल्यामुळे अर्धवट सोडला. तिची पायांची चपळाई हेच तिचं मोठं भांडवल. बॅकहँडच्या कोपऱ्यातून पळत वळसा घालून फोरहँड मारायची, दिवसभर, वर्षानुवर्षं. त्याची किंमत सांधे देतात.

वाढत्या वयातल्या मुलींबाबत माझं सांगणं स्पष्ट आहे. तेरा-चौदाव्या वर्षी हाडांच्या टोकांची वाढ चालू असते. एकच खेळ, एकच हालचाल, बारा महिने, हे टाळा. खांदा, मनगट किंवा पाठ दोन आठवड्यांपेक्षा जास्त दुखली तर ‘खेळताना होतंच’ म्हणून सोडू नका, दाखवून घ्या. आणि आपल्या मे महिन्यात, पारा ४५ ला टेकलेला असताना, सकाळी आठनंतर कोर्टावर पाठवू नका.

उलट बाजूही सांगतो. रोहन बोपण्णाच्या गुडघ्यांतली कूर्चा झिजून गेली होती. त्यानं अय्यंगार पद्धतीचा योग धरला आणि २०२४ च्या जानेवारीत, ४३ व्या वर्षी, ऑस्ट्रेलियन ओपनची पुरुष दुहेरी जिंकून जागतिक क्रमवारीत पहिला आला. इतक्या वयात पहिल्यांदा पहिला क्रमांक मिळवणारा तोच. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये थांबला.

वरणबट्टी

डॉक्टरसाहेब, म्हणजे आम्हालाही अजून संधी आहे.

अस्थिरोग_चोपडा

आहे. आधी सकाळी चालायला लागा, बट्टीवरचं तूप निम्मं करा, मग बोलू.

सातपुडा_सर (शहादा)

मी शाळेत क्रीडाशिक्षक आहे. स्टेफीची गोष्ट सुंदर आहे, पण तिच्यावरून आपल्या पोरीचा निर्णय घेऊ नका, असं कळकळीनं सांगतो. तिनं निव्वळ बक्षिसांतून २ कोटींहून जास्त डॉलर मिळवले. तिसाव्या वर्षी थांबणं तिला परवडलं. पहिल्या शंभरातल्या खेळाडूचं ठीक चालतं. दोनशे-तीनशेच्या पुढे प्रशिक्षक, विमान, हॉटेल यांतच कमाई जाते. ही बाजू मोठ्या खेळाडूंच्या गोष्टीत कधी दिसत नाही.

आमच्या पाड्यांवरच्या मुली खो-खो खेळतात. काय पळतात! पण एकवीस-बाविशीत खेळ थांबतो. ज्यांनी प्रमाणपत्रं जपली, बारावी-पदवी पूर्ण केली, त्या सरकारी भरतीतल्या खेळाडूंच्या ५ टक्के आरक्षणातून पोलिसात, वनखात्यात लागल्या. ज्यांनी शाळा सोडली त्यांचं कौतुक एका मोसमापुरतं झालं. एका मुलीनं राज्य पातळी गाठली होती. तिच्या फॉर्मवर एका कार्यालयात नुसती तारीख चुकीची पडली आणि ती दुरुस्त होईपर्यंत तिची वयोमर्यादा गेली. आज ती शेतमजुरीला जाते आणि संध्याकाळी आमच्याच मैदानावर लहान पोरींना सूर मारायला शिकवते. त्याचा राग मला अजून येतो. तिच्यावर नाही, त्या टेबलावरच्या माणसावर.

तापीकाठभाऊ, खेळू द्या. जरूर खेळू द्या. पण शाळा सुटू देऊ नका. आणि कागदपत्रांची फाइल आजपासून करा.

गिरणाकाकू (चाळीसगाव)

सर, त्या मुलीला माझा नमस्कार सांगा.

पांझरा (धुळे)

सातपुडा सरांशी पूर्ण सहमत. टेनिसनंही हे धडे फार महागात घेतलेत. जेनिफर काप्रियाती १९९० मध्ये, चौदा पूर्ण व्हायच्या आत व्यावसायिक झाली. १९९२ ला बार्सिलोनात स्टेफीलाच हरवून ऑलिंपिक सुवर्ण. वय १६. मग दोन वर्षांत सगळं विस्कटलं, दुकानातल्या चोरीचा आरोप, अमली पदार्थ, पोलीस. त्यानंतर महिला टेनिसनं १९९५ पासून वयाचे नियम घातले. चौदाच्या आतल्या मुलींना व्यावसायिक स्पर्धा बंद, आणि अठरापर्यंत वर्षाला किती स्पर्धा खेळायच्या यावर मर्यादा. काप्रियाती सावरली, २००१ मध्ये ऑस्ट्रेलिया आणि फ्रेंच जिंकली, २००२ मध्ये पुन्हा ऑस्ट्रेलिया. पण मधली वर्षं कुणी भरून दिली?

हे नियम स्टेफीच्या वेळी असते तर ती तेराव्या वर्षी उतरलीच नसती.

वरणबट्टी

सोडून जाण्यात एक नंबर कोण, तर ॲश बार्टी. २०२२ च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली, मार्चमध्ये क्रमांक एकवर असताना निवृत्ती, वय २५. आणि त्याआधी मध्येच टेनिस सोडून ब्रिस्बेन हीटकडून क्रिकेट खेळून आलेली! आमच्या घरी हे सांगितल्यावर वडील म्हणाले, “क्रिकेट सोडून परत टेनिसला गेली? कसाले?”

मेहरूणची_मैना

आपल्या सानियाचं नाव अजून कुणी घेतलं नाही! दुहेरी आणि मिश्र दुहेरी मिळून सहा ग्रँड स्लॅम. एकेरीत २७ व्या क्रमांकापर्यंत गेलेली, मनगटानं दगा दिल्यावर दुहेरीकडे वळून तिथं पहिली. २०१८ मध्ये मुलगा झाला, २०२० च्या जानेवारीत होबार्टला परत येऊन दुहेरी जिंकली. २०२३ ला दुबईत निरोप घेतला आणि त्याच सुमारास महिला क्रिकेट लीगमध्ये बंगळूर संघाची मार्गदर्शक. हैदराबादला अकादमी आहे. एवढं सगळं करताना कपड्यांवरून, लग्नावरून, आई झाल्यावरून लोकांनी जे ऐकवलं ते तिनं समोर उभं राहून परतवलं. स्टेफीचं गप्प राहणं मला आवडतं, पण आपल्या मुलींना सानियाचं बोलणंही शिकवायला हवं.

आगासीपंखा (मूळ अमळनेर, सध्या पुणे)

+१.

आणि स्टेफी अगदीच घरात बसली नाही. २००९ च्या मेमध्ये विंबल्डनच्या सेंटर कोर्टचं नवं छप्पर तपासायला प्रदर्शनी सामने ठेवले, तेव्हा ती आणि आगासी तिथं खेळले. अलीकडे दोघं पिकलबॉल खेळतात, म्हणजे छोट्या कोर्टावर प्लास्टिकच्या चेंडूनं खेळायचा टेनिससारखा खेळ. २०२४ मध्ये मॅकेन्रो-शारापोव्हा जोडीला हरवलं, २०२५ मध्ये रॉडिक-बुशारला. पन्नाशी उलटलेली बाई, पाय अजून तसेच चालतात. मुलांना मात्र टेनिसमध्ये ढकललं नाही. जेडन बेसबॉलकडे गेला. दोघांचे बाप जसे होते ते बघता, हे मुद्दाम ठरवून केलेलं असणार असं माझं मत.

जंक्शन (भुसावळ)

तुमच्या शेवटच्या वाक्यावर मी बराच विचार केला. दोघांच्याही वडिलांनी मुलांच्या हातात रॅकेट दिली तेव्हा मुलं जेमतेम चालायला लागली होती. आगासीनं तर टेनिसचा तिरस्कार वाटायचा असं उघड लिहिलं. स्टेफी उघडपणे तसं म्हणाल्याचं मला आठवत नाही. तापीकाठ, तुमची पुतणी कुणाच्या हट्टानं खेळते?

तापीकाठ (जळगाव)

कुणाच्याच नाही, जंक्शनकाका. शाळेच्या सुट्टीत मैत्रिणीबरोबर गेली आणि तिथलीच झाली. आम्ही दोघं भाऊ कबड्डीवाले. टेनिसचे गुण कसे मोजतात ते तिनंच आम्हाला शिकवलं.

काल रात्री हा धागा भावाला वाचून दाखवला. सातपुडा सरांचा प्रतिसाद त्यानं पुन्हा वाचायला लावला. आज सकाळी फाइल घेऊन आला, त्यात जन्मदाखला आणि जिल्हा स्पर्धेची दोन प्रमाणपत्रं लावली. दहावी नियमित शाळेतूनच करायची आणि खेळ चालू ठेवायचा, इथवर तो आलाय. डॉक्टरांचं ऐकून सराव पहाटे साडेपाचला. सोळाव्या वर्षी पुन्हा बसून ठरवू. सर, तुम्हाला व्यक्तिगत निरोप पाठवतोय, शिष्यवृत्तीबद्दल विचारायचं आहे.

सेलेसचं नाव पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं असं वाटणाऱ्यांत आता मीही आहे, पांझरादादा. पण स्टेफीबद्दलचं माझं मत तसंच आहे.

पोरीला स्टेफी माहीत नव्हती! रविवारी तिला जुने सामने दाखवणार आहे. कोणते दाखवू?

मेहरूणची_मैना

१९९९ ची फ्रेंच फायनल, डोळे झाकून. १८ वर्षांची मार्टिना हिंगिस सेट जिंकलेली, दुसऱ्यातही पुढे. एका चेंडूच्या खुणेवरून वाद घालत ती जाळीपलीकडे स्टेफीच्या बाजूला चालत गेली आणि दंड म्हणून गुण गमावला. प्रेक्षक जे बिथरले ते शेवटपर्यंत. हिंगिस दुसऱ्या सेटमध्ये सामना जिंकण्यासाठी सर्व्हिस करत होती, तिथून स्टेफीनं ४-६, ७-५, ६-२ असा ओढून काढला. शेवटी तर हिंगिसनं खालून सर्व्हिस केली. रडत निघून गेलेल्या हिंगिसला बक्षीस समारंभासाठी तिच्या आईनं हाताला धरून परत आणलं. पोरीला दोघींकडेही बघायला सांगा.

सातपुडा_सर (शहादा)

निरोप मिळाला, संध्याकाळी फोन करतो. १९८८ चं विंबल्डन दाखवा. पहिला सेट गेल्यावर काय करायचं ते त्यात आहे.

पांझरा (धुळे)

आणि १९९२ ची फ्रेंच फायनल. ६-२, ३-६, १०-८. शेवटचा सेट पूर्ण दाखवा, मधून पुढे ढकलू नका. जिंकली सेलेस.